हिंदुरावांचा रिकामा दिवस

चूक हिंदुरावांची होती. आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे शेवटी कुणी नशिबाला, सरकारला किंवा आजकालच्या पोरांना बोल लावायला नको. हिंदुराव भले होते. कष्टाळू होते. कुणाला काही द्यायचं तर हात आखडता घेत नव्हते. तरी चूक त्यांचीच. भल्या माणसानं केली म्हणून चूक लहान होत नाही. उलट तिला सगळे सांभाळून घेतात, त्यामुळं ती जास्त दिवस टिकते.

तर एका बाजाराच्या गावात हे हिंदुराव चौगुले राहत होते. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची सगळी नोकरी झाली. दोन लेकी, दोघी सासरी नांदत होत्या. घरात ते आणि त्यांची बायको हौसाबाई. निवृत्त झाले तेव्हा फंडाची रक्कम हातात आली, आणि त्या रकमेचं काय करायचं यावर गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्यानं सल्ला दिला. ज्यांनी जन्मात एक शेळीसुद्धा नफ्यात विकली नव्हती, त्यांनी सगळ्यात जास्त दिला. कुणी म्हणालं, सोनं घे. कुणी म्हणालं, बँकेत ठेव आणि विसरून जा.

हिंदुरावांनी सगळ्यांचं ऐकलं आणि मनात होतं तेच केलं. बाजाररस्त्याला त्यांची दीड गुंठा जागा पडून होती. तिच्यावर त्यांनी एक गाळा बांधला. गाळ्याच्या मागं एक राहायची खोली, मोरी आणि संडास.

“महिन्याच्या महिन्याला भाडं येत ऱ्हायलं, की लेकींपुढं हात पसरायला नको,” असं ते हौसाबाईंना म्हणाले.

म्हातारपणाची तेवढीच तजवीज होती. दुसरी नव्हती. फंड सगळा भिंतींत गेला होता.

इथपर्यंत हिंदुरावांचं एकही पाऊल चुकलं नाही, हे कबूल करायला हवं. पहिल्यांदा भाड्यासाठी बांधणारी माणसं दाराला नक्षी करतात आणि गटार विसरतात. हिंदुरावांनी गटार आधी काढलं. पाण्याचं कनेक्शन आधी घेतलं, रंग मागून दिला. स्लॅबवर पंधरा दिवस स्वतः उभं राहून पाणी मारलं. रस्त्याचं पाणी आत येऊ नये म्हणून उंबरा चांगला वीतभर उंच घेतला.

मग भाडेकरू बघायला येऊ लागले. जो तो आधी भाडं विचारायचा आणि मग ते कमी करायला सांगायचा. एक दिवस वनिता कुंभार आली. बरोबर तिचा नवरा दिगंबर होता. तो बोलला नाही. वनितानं गाळा बघितला, भिंतीला हात लावला, आणि विचारलं, “काका, हितं ऊन किती वेळ असतंय?”

“ऊन कशाला पायजे गं तुला?”

“मला न्हवं, गणपतीला. शाडूचे गणपती करतो आमी. कडक ऊन नको, तडा जातो. कवळं पायजे. आणि वारा.”

“आणि भाडं विचारलं न्हाईस ते?”

“वाराच नसंल तर भाडं विचारून काय करू?”

हिंदुरावांना ती तिथंच आवडली. त्यांनी उत्तरेच्या भिंतीत तिच्यासाठी नवी खिडकी पाडून दिली. सुतार बोलावून तीन भिंतींना फळ्या ठोकून दिल्या. ते सगळं आपल्या खर्चानं. असा मालक आणि अशी भाडेकरीण तालुक्यात सापडली नसती. गोष्ट इथंच संपवता आली असती.

पण गावात रंगनाना होते.

रंगनाना हिंदुरावांपेक्षा दहा वर्षांनी मोठे. त्यांचा शब्द हिंदुरावांनी लहानपणापासून खाली पडू दिला नव्हता. रंगनानांच्या वडलांची सात एकर आणि हिंदुरावांच्या वडलांची तीन एकर जमीन एकाच वेळी कुळांना गेली होती. कसेल त्याची जमीन, असा कायदा आला आणि जे वर्षानुवर्षं कसत होते त्यांच्या नावावर ती झाली. ही गोष्ट रंगनाना रोज सांगायचे. कसणारे कसत होते आणि यांचे बाप पारावर बसत होते, एवढा भाग मात्र ते सांगायचे नाहीत. हिंदुरावांचे वडील मरताना एवढंच बोलले होते, “दुसऱ्याला दारात बसवू नकोस.” हिंदुरावांनी ते वाक्य आयुष्यभर जपलं. बापाचं दुःख पोरानं जपावं, त्यात काही वाईट नाही. पण त्याचा कायदा करू नये.

रंगनाना म्हणाले, “हिंद्या, भाडेकरू वरीसभर सलग ऱ्हायला की हलत न्हाई. तुझ्याच घरात तुला पाव्हणा करंल.”

“मग काय करू, नाना?”

“अकरा महिन्यांचा करार कर. अकरा महिनं झालं की एक दिवस सगळं भायेर काढायला लाव. एक सुई आत ऱ्हायली न्हाई पायजे. कुलूप तू लाव, किल्ली तुझ्याजवळ ठेव. दुसऱ्या दिवशी परत घाल आत. म्हंजे सलग धरता येत न्हाई.”

हिंदुराव करार लिहिणाऱ्या शिकलगारांकडे गेले आणि त्यांनी हा रिकामा दिवस करारात घालायला सांगितलं. शिकलगारांनी चष्मा काढला. “अहो चौगुले, अकरा महिने झाले की नवा करार करा, नोंदवा, विषय संपला. कागद बदलतो. माणसाला कशाला बाहेर काढताय?”

“ऱ्हाऊ दे. एक दिवसाचा तर प्रश्न हाय,” हिंदुराव म्हणाले.

ज्याला कायदा माहीत होता त्याचं त्यांनी ऐकलं नाही. ज्याला फक्त वय होतं त्याचं ऐकलं. असं गावोगाव होतं आणि त्याला संस्कार म्हणतात.

एक डिसेंबरला वनिता आणि दिगंबर राहायला आले.

वनिताची काम करायची एक रीत होती. ती साच्यातून गणपती काढायची नाही. ज्याला गणपती पाहिजे त्यानं आपल्या घरातला पाट आणून द्यायचा. पाटाच्या कडेला खडूनं नाव लिहायचं. वनिता त्या पाटावरच माती रचून मूर्ती घडवायची, हातानं, बैठकीपासून मुकुटापर्यंत. दिगंबर शेवटी रंग द्यायचा आणि डोळे आखायचा. चतुर्थीला ज्याचा त्यानं आपला पाट उचलून न्यायचा. ज्येष्ठात पाट यायला लागायचे. पहिल्या वर्षी तेवीस आले, दुसऱ्या वर्षी एक्केचाळीस. सगळ्यात पहिला पाट मात्र वनिता स्वतः जाऊन आणायची. हौसाबाईंच्या देवघरासमोरचा. त्या गणपतीचे ती पैसे घेत नव्हती.

“भाडं ते भाडं. ह्यो माझा आहेर,” म्हणायची.

पहिला रिकामा दिवस ऑक्टोबरच्या अखेरीला आला. गणपती कधीच पाण्यात गेले होते. वनितानं आणि दिगंबरनं भांडीकुंडी, गाद्या आणि मातीची पिंपं रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली नेऊन ठेवली. हिंदुरावांनी मोकळा गाळा आतून बघितला, फळ्यांवरनं हात फिरवला, मोरीतसुद्धा डोकावले, आणि कुलूप लावून किल्ली करगोट्याला बांधली. हौसाबाईंनी चिंचेखाली पिठलं, भाकरी आणि ठेचा पाठवला. स्वतःही जेवायला तिथंच बसल्या.

येणारे-जाणारे विचारायचे, “काय गं वनिता, काढलं का काय घरातनं?”

“न्हाई वो, सहलीला आलोय,” वनिता म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंदुराव किल्ली आणि पावशेर पेढे घेऊन आले. आपण फार मोठ्या मनाचे आहोत असं त्यांना वाटलं. माणसाला त्याचीच वस्तू परत देताना पेढे वाटणारा मालक जगात एकच असेल. पण वनिता हसली आणि पेढा खाल्ला, कारण तिला म्हातारा आवडत होता.

दुसरा रिकामा दिवस सप्टेंबरअखेर आला. तेव्हाही गणपती होऊन गेले होते. गाळ्यात रंगाच्या वाट्या आणि चार उरलेले मातीचे गोळे होते. पुन्हा चिंच, पुन्हा पिठलं, पुन्हा पेढे. रंगनाना काठी टेकत बघायला आले आणि समाधानानं मान हलवून गेले.

आता हिशोब बघा. पहिलीतल्या पोराला कळेल असा आहे. अकरा महिन्यांनी फिरणारी गोष्ट दरवर्षी एक महिना मागं सरकते. ऑक्टोबर, मग सप्टेंबर, मग ऑगस्ट. हिंदुरावांना हे दिसलं नाही, रंगनानांना दिसलं नाही, पारावर बसलेल्या त्या सगळ्या अनुभवी डोक्यांपैकी एकालाही दिसलं नाही. दिसलं ते वनिताला, आणि तेही फळ्या भरल्यावर.

तिसऱ्या वर्षी एकसष्ट पाट आले. ऑगस्टच्या अखेरीला तीन भिंतींच्या फळ्या आणि खालची जमीन गणपतींनी भरली होती. काही सुकले होते, काही निम्मे, आणि मागून आलेले इतके ओले की बोट लावलं तर बोट उमटायचं. चतुर्थीला तेरा दिवस होते. आणि रिकामा दिवस दोन दिवसांवर आला होता.

वनिता हिंदुरावांच्या घरी गेली. सोप्यात हिंदुराव आणि रंगनाना चहा घेत होते. हौसाबाई दारात तांदूळ निवडत होत्या.

“काका, औंदाचा रिकामा दिवस चतुर्थीनंतर करू या. गणपती गेले की सगळं भायेर काढते. झाडून, सारवून देते.”

हिंदुराव हो म्हणणारच होते. त्यांचं तोंडसुद्धा उघडलं होतं.

“हिंद्या,” रंगनाना बशीतला चहा फुंकत म्हणाले, “आज चतुर्थी मागती. उद्या दिवाळी मागंल. परवा घर मागंल.”

“नाना, तुमचा पण पाट हाय की आत,” वनिता म्हणाली.

“पाट माझा हाय. गाळा हिंद्याचा हाय. म्हणून तर त्याला सांगतूय.”

हिंदुरावांनी बशी खाली ठेवली. “पोरी, एकच दिवसाचा तर प्रश्न हाय. सकाळी काढायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी आत.”

“काका, मी उचलीन. दिगू उचलंल. पण वली माती दोनदा उचलून घेत न्हाई. हात गळतो, सोंड गळती. आणि ठेवू कुठं? चिंचेखाली? एक सर आली तर एकसष्ट घरांना काय सांगू?”

तेव्हा हौसाबाई सुपातनं मान वर न करता म्हणाल्या, “अवो, मामंजींची जमीन हिच्या बापानं घेतली हुती काय?”

“तू मधी पडू नगंस.”

“मी मधी न्हाई, दारात बसली हाय. दारातनं जरा जास्त दिसतंय.”

वनिता हसली नाही. तिनं हिंदुरावांकडं बघितलं. “काका, तीन वर्षांत एकदा तरी भाडं चुकलं?”

“न्हाई.”

“भिंतीला कधी खिळा ठोकला तुमाला न विचारता?”

“न्हाई गं.”

“मग कशाचं भ्या वाटतंय?”

ज्या भीतीचं उत्तर नसतं तिला माणूस नियम म्हणतो. ते म्हणाले, “नियम म्हंजे नियम.”

“बरं,” वनिता म्हणाली. “परवा रिकामं मिळंल.”

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दिगंबर गावभर फिरला. जो माणूस तीन वर्षांत बाजारात चार वाक्यं बोलला नव्हता, तो एकसष्ट दारांत उभा राहून एकच गोष्ट सांगत होता. ज्याचा पाट त्यानं रिकाम्या दिवशी उचलून घरी न्यावा. रंग द्यायला आणि डोळे आखायला आम्ही घरी येऊ. एकदाच उचला. दोनदा उचलायला लावू नका.

रिकाम्या दिवशी सकाळपासून रस्त्यावर माणसं जमली. बायका, बाप्ये, कॉलेजची पोरं. एकेक पाट उंबऱ्यातून बाहेर निघू लागला. बिनरंगाचे, बिनडोळ्यांचे गणपती चालत्या माणसांच्या छातीशी धरलेले. दिगंबर पुढं होऊन ओरडत होता, “हळू! पाटाला धरा, गणपतीला धरू नका! उंबरा बघा, उंबरा!” एका बाईनं जाता जाता हिंदुरावांना ऐकवलं, “काका, आमच्यात गणपती वाजतगाजत येतो. औंदा तुमच्या कृपेनं अर्धवट आला.” हिंदुराव गाळ्याच्या बाजूला हातात कुलूप घेऊन उभे होते. त्यांच्याशी कुणी भांडलं नाही. भांडणं झाली असती तर बरं वाटलं असतं.

रंगनानांचा पाट न्यायला त्यांची सून आली. नाना स्वतः आले नाहीत. सल्ला देणारे ओझं उचलायला येत नाहीत.

दुपारपर्यंत साठ पाट गेले. वनितानं खोलीतलं सामान एका टेम्पोत भरलं. गाळ्यात एकच पाट राहिला. हिंदुरावांचा. तो सगळ्यात ओला होता, कारण घरचा म्हणून वनितानं तो शेवटी, सवडीनं घडवायला घेतला होता. मुकुटाची एकेक कळी वेगळी केली होती.

हिंदुराव हौसाबाईंना म्हणाले, “धर की गं एका बाजूनं.”

“तुमचा नियम, तुमी उचला,” हौसाबाई म्हणाल्या.

वनिता पुढं आली. “काका, तेवढा ऱ्हाऊ द्या आत. तुमचाच हाय. तुमच्या गाळ्यात तुमचा गणपती. त्याला कोण काय म्हणतंय?”

ही शेवटची संधी होती. तिनं ती स्वतःहून दिली होती. हिंदुरावांनी कुलपाकडं बघितलं, मग मूर्तीकडं. त्यांच्या मनात रंगनानांचं वाक्य वाजत होतं. एक सुई आत राहिली नाही पाहिजे. पाट आपला खरा, पण त्यावरचं काम तिचं आहे. तिचं काम आत राहिलं म्हणजे ती आत राहिली. माणूस भ्याला की असला तर्क करतो, आणि तो त्याला शहाणपणाचा वाटतो.

“न्हाई,” ते म्हणाले. “रिकामा म्हंजे रिकामा.”

त्यांनी पाट उचलला. छातीशी धरला. चार पावलं नीट टाकली. समोर मूर्ती असल्यामुळं पायाखालचं दिसत नव्हतं. अंगठा उंबऱ्याला लागला. हिंदुराव पडले नाहीत, नुसते कलले. पाटही हातातून सुटला नाही. पण ओली माती पाटावर राहिली नाही. सोंड आधी गेली, मग उजवा हात, मग मुकुटासकट डोकं पायरीवर आलं.

हिंदुराव पायरीवर बसले. त्यांच्या धोतरावर माती होती. ते म्हणत होते, “माझ्या हातनं... माझ्या हातनं...”

वनिता त्यांच्याजवळ खाली बसली. तिनं तुकडे गोळा करून घमेल्यात घातले आणि पाट आपल्याकडं घेतला. तिचा राग गेला होता, आणि तेच जास्त वाईट होतं.

“रडू नका, काका. अजून पूजा झाली न्हाई त्याची. माती हाय ती. भिजवीन, मळीन, परत घडवीन. चतुर्थीला तुमचं देवघर रिकामं ऱ्हायचं न्हाई.”

हिंदुरावांनी डोळे पुसले. “मग उद्या सकाळी किल्ली घेऊन येतो मी. लवकर येतो.”

“गणपती करीन म्हणाले, काका,” वनिता म्हणाली. “परत येईन म्हणाले न्हाई.”

दुसऱ्या दिवशी हिंदुराव किल्ली आणि पेढे घेऊन गाळ्यासमोर उभे राहिले. दहा वाजेपर्यंत उभे होते. कुणी आलं नाही. वनिता आणि दिगंबर तेव्हा रंगाच्या वाट्या घेऊन घरोघरी फिरत होते. दहा दिवस ते फिरले. ज्या घरात जातील तिथं चहा, ज्या घरात दुपार होईल तिथं जेवण. पोरं शेजारी बसून डोळे आखताना बघायची. गावातल्या एका बाईची तेलघाण्याची शेड बंद पडून होती. छप्पर गळत होतं, खिडकी नव्हती. तिनं वनिताला विचारलं, “किती वर्षं ऱ्हाशील?”

“तुमी ठेवाल तेवढी.”

“मग पाच वर्षांचा कागद करू. छप्पर मी घालते, खिडकी तू सांगशील तिथं.”

कागद शिकलगारांनी लिहिला. त्यात रिकामा दिवस नव्हता.

चतुर्थीच्या सकाळी हिंदुराव आणि हौसाबाई त्या शेडवर आपला पाट आणायला गेले. गणपती पहिल्यापेक्षा उजवा झाला होता. दिगंबरनं पाट त्यांच्या हातात देताना उंबऱ्यापर्यंत एका बाजूनं धरला. हिंदुरावांनी खिशातून पैसे काढले, या आशेनं की वनिता नको म्हणेल. तिनं घेतले.

“पोरी,” हिंदुराव म्हणाले, “परत ये. खिडकी तुझ्यासाठी पाडली हाय. आता रिकामा दिवस न्हाई करायचा. नानांनी सांगितलं तरी न्हाई.”

“काका, तुमी लई चांगले हाईसा,” वनिता म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. “पण आता दर ऑगस्टला मला तुमचं भ्या वाटंल. तुमाला कुळांचं वाटायचं, तसं. भ्या घेऊन माती मळता येत न्हाई.”

हौसाबाईंनी तिच्या हातावर मोदक ठेवला. हिंदुरावांनी पाट उचलला. ते घरी गेले.

पुढची चार वर्षं गाळ्याला कुलूप होतं. हिंदुरावांनी भाडं कमी केलं, नवा रंग दिला, बाहेर पाटी लावली. एक न्हावी बघायला आला. त्यानं गाळा बघितला, फळ्या बघितल्या, आणि विचारलं, “अकरा महिन्यांनी आरसे उतरवायचे, का खुर्च्या तेवढ्या भायेर काढल्या की चालतंय?” हिंदुराव म्हणाले, आता तसं नाही. न्हावी म्हणाला, सांगतो. त्यानं कधीच सांगितलं नाही. सगळ्या बाजारानं ते साठ गणपती भर दिवसा रस्त्यावरून जाताना बघितले होते. ते कुठल्या कागदानं पुसता येत नव्हतं.

रंगनाना अजून पारावर बसतात. कुणी नवं घर बांधलं की त्याला बोलावून घेतात आणि रिकाम्या दिवसाचं सांगतात. आपल्या सल्ल्याचं काय झालं ते त्यांना कुणी विचारत नाही. मोठ्या माणसाला असं विचारायचं नसतं, असं आपल्याला शिकवलंय.

पाचव्या वर्षी हौसाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागलं आणि हिंदुरावांनी गाळा विकला. आता महिन्याच्या महिन्याला थोरली लेक घरखर्चाला पैसे पाठवते. हिंदुराव ते घेतात.

तात्पर्य: घर भाड्यानं द्यायचं तर भिंती म्हणजे निम्मी गुंतवणूक, उरलेली निम्मी म्हणजे आत राहणारा चांगला माणूस; बापजाद्यांच्या भीतीपायी जो त्याला बाहेर काढतो, त्याच्याकडे नुसत्या भिंती उरतात. हे कळायला हिंदुरावांना चार वर्षं आणि एक गाळा लागला.